निवेखोलची थोरली गवर

जी दगडाच्या फटीत पाऊल ठेवते आणि तिथेही फुलते, त्या आदिमाउलीला आधी नमस्कार. जिच्या एका बीजात साऱ्या सृष्टीचा पसारा मिटून बसलेला असतो, जी बोलावल्याशिवाय येत नाही आणि आल्यावर घर रिते ठेवून जात नाही, तिच्या चरणांवर मस्तक टेकून ही हकिकत सांगतो. सांगण्यात काही उणे राहिले तर ते माझे समजा. गोड लागले तर ते तिचे.

मंडळी, बसा. चढणीने दम लागला असेल. गावातून या देवळापर्यंत येताना तुम्ही दोन्ही बाजूंची अंगणे पाहिलीच असतील. भाद्रपदात निवेखोलला येणारा माणूस ती पाहिल्यावाचून राहत नाही. तुळशीच्या डाव्या हाताला प्रत्येक घरी तांबड्या खड्यांचा एक लहानसा वाफा आहे, आणि त्यात कमरेइतका वाढलेला तेरडा. कुठे गुलाबी, कुठे जांभळट, एखाद्या अंगणात पांढराही. करवतीच्या दात्यांसारखी कड असलेली पाने, पाण्याने भरलेले लालसर दांडे, आणि प्रत्येक फुलाच्या पाठीला बारीक वाकडी शेपटी. हे बाजारातून आणलेले शोभेचे झाड नव्हे. हा सड्यावरचा रानतेरडा. ज्येष्ठात उगवतो, भाद्रपदात फुलतो आणि कार्तिक उजाडेपर्यंत मातीत मिसळून जातो. उभे आयुष्य चार-पाच महिन्यांचे; पण ते जगावे कसे, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. प्रत्येक वाफ्यात एका झाडाला हिरवा दोरा बांधलेला आहे. गावातल्या कोणत्याही घरी जा, त्या झाडाचे फूल कोणी तोडून देणार नाही. देवाला हवे आहे म्हटले तरी देणार नाही. त्या झाडाला इथे ‘थोरली’ म्हणतात. ती थोरली कशी झाली, हे माझ्या आजीने मला सांगितले, तिला तिच्या सासूने. त्याआधीचे सांगणारे आता कोणी उरले नाही.

फार जुन्या काळी निवेखोलात तेरडा कोणी लावत नसे. लावायचे कशाला? वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारावर, तो आपोआप उगवायचा. असे सांगतात की भाद्रपदात खालच्या खाडीतून होडीने जाणाऱ्यालाही सडा गुलाबी दिसे. गौरीच्या आवाहनाच्या सकाळी बायका वर जात, तेरडा उपटीत आणि गात गात खाली आणीत. मुळासकट उपटीत, कारण तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, ही आपल्या कोकणातली जुनी श्रद्धा. पावलांवाचून देवी चालत कशी येईल? म्हणून मूळ तुटू नये यासाठी माती बोटांनी उकरून, जपून, हळुवार ओढीत. फुले दाट असतील तिथली सारीच्या सारी काढीत. देवीला कमी कशी आणावी? एकेका घराच्या सुपात भारेच्या भारे गौर बसे.

यात पाप कोणाच्या मनात नव्हते, हे ध्यानात घ्या. भक्ती होती, आणि भक्तीच्या भरात हात आखडता घेणे माणसाला सुचत नाही. पण तेरड्याची बोंडे पिकतात आश्विनात. भाद्रपदात उपटलेली गौर बी न सांडताच घरात येई, तीन दिवस पुजली जाई आणि ओढ्याला जाई. सड्यावर उरत ते केवळ खड्डे. असे कित्येक वर्षे चालले. गुलाबी सडा आधी ठिपक्याठिपक्यांचा झाला, मग दगडाच्या रंगाचा झाला.

त्या वेळी गावात धाकू नावाचा एक कुणबी आणि त्याची बायको आवडाई राहत असत. एकुलती लेक होती, केसर. तिला घाटावर दिली होती. सासरची माणसे वाईट नव्हती. पण भाद्रपद म्हणजे नाचणीच्या बेणणीचे, तण काढायचे दिवस. अशा वेळी सून माहेरी धाडायची ती केवळ देवीच्या नावाने, असा त्या मुलखाचा रिवाज होता. माहेरी गौर बसली की बापाने त्याच गौरीची मुळासकट एक डहाळी घेऊन घाट चढायचा, ती व्याह्याच्या दारी ठेवायची आणि म्हणायचे, “आमची गवर आली, तुमची सून धाडा.” डहाळी पाहिल्यावर कोणी नाही म्हणत नसे. डहाळी नसेल तर कोणी हो म्हणत नसे. इतकेच.

केसरच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात आवडाई सड्यावर पोचली तेव्हा जी काही थोडी झाडे होती ती पुढे गेलेल्यांनी नेली होती. हळदीच्या पानाची गौर करून धाकू तसाच वर गेला. व्याही भला माणूस, त्याने जेवू घातले, पान दिले आणि म्हणाला, “पाव्हणं, ह्या गौरीला पाय कुठं हायती? पाय नसलेली देवी तुमच्या घरी आली कशी, आणि माझ्या सुनंला न्यायची कशी?” धाकू एकटाच उतरला.

वर्ष सरत आले. खाडीवरून मीठ घेऊन घाटावर जाणारे बैलवाले येताना केसरचा निरोप घेऊन आले. निरोप एवढाच होता: “आये, औंदा तरी गवर घावंल ना?”

आवडाईने तो निरोप कोणाला सांगितला नाही. म्हणे, जाते फिरवताना तिच्या ओठांवर ओवी यायची थांबली, आणि त्यावरून शेजाऱ्यांनी ओळखले.

दुसऱ्या भाद्रपदात आवाहनाच्या सकाळी सारे गाव सड्यावर लोटले. सूर्य दोन कासरे वर आला तरी एकीच्याही सुपात काही नव्हते. बायका एकेक करून परतल्या. आवडाई मात्र चालत राहिली. सड्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, जिथून कडा सरळ खाली तुटतो, तिथे एका कातळाच्या भेगेत तिला तेरडा दिसला. एकच झाड. पण काय झाड! पाच फांद्या, प्रत्येक फांदीवर फूल, आणि पानांच्या बेचक्यांत लवेने भरलेली कोवळी हिरवी बोंडे.

आवडाई तिथे गुडघे टेकून बसली. हळद-कुंकू वाहिले. दोन्ही हातांनी झाड बुंध्याशी धरले. तेरड्याची मुळे वरवरची असतात. ती जराशी हलली, आणि आतून ओली माती दिसली. आणखी एक हिसका, की लेक घरी येणार होती.

तेव्हा, असे सांगतात, तिची नजर बाजूला गेली. भेगेच्या कडेने लहान लहान खड्डे होते. पाणी साचलेले, आत काही न उगवलेले. मागच्या सालचे, त्यामागच्या सालचे. आपल्याच गावाच्या बोटांचे. तिने हात सैल सोडले.

पाठीमागून कोणी विचारले, “काय गो बाय, थांबलीस का?”

वळून पाहते तो हिरवे लुगडे नेसलेली एक सवाष्ण. कपाळभर कुंकू, पाय चिखलाने भरलेले. या वाटेची नव्हे, आवडाईच्या ओळखीची नव्हे.

“ओढ ना,” ती म्हणाली. “तुझ्या लेकीची वाट मोकळी होईल.”

“होईल,” आवडाई म्हणाली. “पण हे शेवटचं झाड हाय. पुढल्या साली काय?”

“पुढल्या सालचं पुढल्या साली.”

“पुढल्या साली माझ्यासारखीच दुसरी कोणीतरी आय इथवर चालत येईल, बाय. तिनं काय बघायचं? माझ्या बोटांचा खड्डा?”

ती सवाष्ण हसली म्हणे. “आणि तुझी केसर? ती वाट बघतेय.”

आवडाईने उकरलेली माती पुन्हा मुळांवर लोटली, तळव्याने दाबली, आणि त्यावर डोके ठेवून ती हुंदके देऊन रडली. डोके वर केले तेव्हा सड्यावर कोणी नव्हते. ती कोण होती, याविषयी लोक बोलतात. मी बोलणार नाही. मात्र लेकीचे नाव आवडाईने तिला सांगितले नव्हते, एवढे तुम्हीही ऐकलेत.

रिते सूप घेऊन ती खाली आली आणि धाकूला सगळे सांगितले. धाकू कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, “मला आणखी एक वरीस व्याह्याचं पान खायला मिळायचं नाय, एवढंच ना?” मग उठून गोठ्यात गेला, आणि बैलाशी बोलत तिथेच बसला.

गावात मात्र बोभाटा झाला. शेजारच्या तान्हीकाकीची लेकही वरघाटी दिलेली. ती तडक आवडाईच्या दारात आली. “लेक नको झाली वाटतं तुला! देवी डोळ्यांनी दिसली आणि सोडून आलीस? तुला नको तर मला सांगायचंस. आता मीच आणते.” आणि सूप उचलून सड्याची वाट चालू लागली. आवडाई मागोमाग धावली. कड्यापाशी दोघी पोचल्या तेव्हा दोघींचाही श्वास छातीत मावत नव्हता. तान्हीकाकीने झाडाला हात घातला.

आवडाईने तिचा हात धरला नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, “काकी, गवर म्हणजे माहेरवाशीण, असं म्हणतो ना आपण? ती जन्मते ह्या सड्यावर, म्हणजे हा सडा तिचं माहेर नाय तर काय? आपण दर साली तिला आणतो आणि तिच्या माघारी तिची आयपण उपटून आणतो. ज्या घरात आय उरली नाय, त्या घरी लेक परत कशी येईल? तुझी येईल? माझी येईल?”

तान्हीकाकीचा हात तसाच राहिला. तिची स्वतःची आई ती लहान असताना गेली होती, आणि माहेर म्हणजे काय हे तिला फक्त दुसऱ्यांच्या गाण्यांतून ठाऊक होते. तिने झाडावरचा हात काढून घेतला. म्हणाली, “आता हिला राखायची कशी, ते सांग. गुरं येतात इथं.”

त्या दिवसापासून दोघी आळीपाळीने सड्यावर राखणीला बसू लागल्या. आश्विन लागला, बोंडे फुगली, फिकट झाली. एके सकाळी तान्हीकाकीने पिकलेले बोंड पाहून कौतुकाने बोट लावले. ते फट्कन फुटले, साल आतल्या आत वळली आणि बी चहूकडे उडाले.

“अगो आये! चावली मला!”

“चावली नाय गो, पळाली,” आवडाई म्हणाली. “घाई केलीस म्हणून.” म्हणे, कित्येक दिवसांनी दोघी अशा हसल्या की कड्याखालच्या गुराख्यांनी वर मान करून पाहिले.

मग आवडाईने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून बोंडांभोवती सैल पुरचुंड्या बांधल्या. बोंडे आत फुटत, बी आत राही. पण सारी बोंडे तिने बांधली नाहीत. निम्मी मोकळी ठेवली, सड्याचे सड्याला. जमलेले बी सावलीत वाळवले, चाळलेल्या राखेत मिसळले आणि कोरड्या करवंटीत घालून चुलीच्या वर, आढ्याला टांगले.

मृगाच्या दिवसांत तिने अंगणात वाफा केला. इथे तिची चूक झाली, आणि ती आपल्यापैकी कोणाच्याही हातून होईल अशीच होती. देवीचे बी, मग त्याला हलके कसे ठेवायचे? तिने गोठ्यातले सगळ्यांत चांगले, काळेभोर शेणखत घातले. भोवती खोल आळे केले, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. भाताच्या खाचराला जशी बांधबंदिस्ती करतात तशी. रोपे उगवली, चार दिवस तरारली, आणि आठव्या दिवशी देठाशी पिवळी पडून एकामागून एक लवंडली. बुंधे कुजले होते. करवंटीत आता चिमूटभर बी उरले होते.

आवडाई वाफ्याशी बसून राहिली. धाकू आला, त्याने एक कुजलेले रोप उचलून वास घेतला आणि म्हणाला, “हिला तू वांगी समजलीस काय गो? ही कातळावरची. उपाशी राहून मोठी झालेली. तिला एकदम एवढं गोडधोड घातलंस, तर पोट बिघडणारच.”

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन सड्यावर गेला आणि जांभ्याचे खडे, तांबडी भुकटी, भेगेतली मूठमूठ माती आणू लागला. काळी माती काढून टाकली, आळे मोडले, तुळशीजवळ जरा उंचवटा केला; पाणी पडावे आणि निघून जावे असा. आवडाईने उरलेले बी नुसते वर शिंपडले आणि तळहाताने दाबले. पुरले नाही. सड्यावर तेरड्याला पुरायला कोण जाते?

यावेळी रोपे सावकाश वाढली. दाट उगवली तिथली काही तिने अलगद उचलून तान्हीकाकीच्या अंगणात, तिथून पुढच्या अंगणात दिली. श्रावण सरता सरता वाफ्यातल्या एका झाडावर पहिले फूल आले, मग दुसऱ्यावर, मग अवघे अंगण गुलाबी झाले.

आवाहनाच्या सकाळी बायका जमल्या. उपटायचे कोणते? सगळ्यांनी आवडाईकडे पाहिले. तिने जे झाड सर्वांआधी फुलले होते, सगळ्यांत भरदार होते, त्याला आपल्या लुगड्याच्या काठाचा हिरवा दोरा काढून बांधला. म्हणाली, “ही थोरली. ही घरी राहील. बाकीच्या तिच्या लेकी. लेकींनाच तेवढं चला म्हणायचं.” मग थोरलीला हळद-कुंकू लावून, तिला विचारून, बाजूची झाडे मुळांसकट, पावलांसकट काढली आणि वाजतगाजत उंबऱ्याच्या आत नेली.

गौर बसली आणि धाकूने डहाळी डोक्याच्या फेट्यात खोवून घाट चढायला घेतला. व्याह्याने डहाळी हातात घेतली, कपाळाला लावली, आणि आत हाक मारली, “सूनबाई, तुझ्या घरची गवर आली बघ. ह्या साली पाय घेऊन आलीया.”

दुसऱ्या दिवशी, पूजनाच्या दुपारी, केसर अंगणात येऊन उभी राहिली. वारा गार होता आणि ती चालून तापली होती. आवडाई आरतीचे ताट आणि पाय धुवायला तांब्या घेऊन उंबऱ्याशी आली. पण केसर पुढे येईना. तिच्या मनात दोन वर्षांचा प्रश्न होता, आणि तो टाकून तिला घरात शिरता येत नव्हते.

“आये, दोन वर्षं मला का नाय बोलावलंस?”

लेकीशी खोटे बोलणे सोपे होते. आवडाई म्हणाली, “पहिल्या साली गवर मिळाली नाय. दुसऱ्या साली मिळाली, पोरी. एकच मिळाली. माझ्या ह्या दोन हातांत होती. पण मी आणली नाय.”

केसरने हिरवा दोरा बांधलेल्या झाडाकडे पाहिले, भोवतीच्या रित्या जागा पाहिल्या, बाजूच्या अंगणांतला गुलाबी रंग पाहिला. तान्हीकाकीच्या दारात आपल्याच वयाची एक माहेरवाशीण पाहिली. मग ती उंबऱ्याकडे न जाता वाफ्यापाशी गेली, थोरलीच्या बुंध्याशी उभी राहिली, आणि लुगडे जरा वर धरून म्हणाली, “मग माझे पाय इथंच धू, आये.”

आवडाईने खाली बसून लेकीच्या पायांवर तांब्या ओतला. घाटवाटेचा चिखल, सासरच्या शेताची माती, सारे त्या पाण्याबरोबर थोरलीच्या मुळाशी गेले, आणि उंचवट्यावरून वाहून निघून गेले, जसे जायला हवे तसेच. ते पाहणाऱ्या बायकांनी त्या क्षणी गौरीची गाणी थांबवली होती, असे सांगतात. अशा वेळी देवीचे नाव घ्यावे लागत नाही. ती तिथे असते.

आश्विनात थोरलीची बोंडे पिकली. त्यातले निम्मे बी अंगणाला गेले, निम्मे आवडाई आणि तान्हीकाकी दोघींनी मिळून सड्यावर नेऊन शिंपडले. तुम्ही परतताना या देवळाच्या मागच्या बाजूने जरा चालत जा. सडा तुम्हाला दिसेलच.

आजही निवेखोलात तेरडा विकत घेत नाहीत आणि विकतही नाहीत. मृगात खड्यांच्या वाफ्यावर बी शिंपडतात, पुरत नाहीत. पहिल्या फुलाच्या झाडाला दोरा बांधून मगच बाकीच्यांकडे हात नेतात. आणि आजही या गावची लेक सासरहून आली, मग ती घाटावरून येवो की मुंबईहून मोटारीने, तिचे पाय उंबऱ्याशी धूत नाहीत. आधी तिला थोरलीपाशी नेतात. आई तांब्या ओतते. काही बोलायचे असेल तर तिथेच बोलून घेतात, आणि मग घरात जातात.

ती जगन्माउली तुम्हा सर्वांचे कल्याण करो. तुमच्या अंगणात जे उगवेल ते फुलो, जे फुलेल ते बी धरो. ज्यांच्या लेकी दूर आहेत त्यांच्या वाटा मोकळ्या होवोत, आणि ज्या कोणी ही कथा ऐकली, तिच्या आणि त्याच्या घरी वाट पाहणारे माणूस सदैव जागेवर असो. शुभं भवतु.